जावईबापूंचे नऊ ग्रुप

भैय्याजींचे जावई कुणाल पुण्याहून कायमचे पांढुर्ण्याला आले आणि आमच्या संत्र्याच्या पॅकिंग सेंटरला शिस्त लावू लागले. शिस्त म्हणजे काय, तर मोबाइलवर नऊ ग्रुप. हजेरीचा वेगळा, खोक्यांचा वेगळा, गाडीचा वेगळा. आम्ही सगळे एकाच टिनाखाली बसणारे! शेजारच्या अपर्णाला स्टेपलर मागायचा तरी आधी ग्रुप शोधा. फोन करायला सक्त मनाई. "सगळं लेखी पाहिजे," म्हणे.

भैय्याजी मालक असून गप्प. जावयाला कोण बोलणार? तो बसला की चहा, उठला की नाश्ता. जावईबापूंच्या प्रत्येक मेसेजवर मालकांचाही अंगठा पडायचा. मग आमचा. वाचायचं कोणीच नाही. इतकी लाचार मंडळी मी दुसरीकडे पाहिली नाही, आणि मी त्यांच्यातलीच.

ड्रायव्हर वसंत मात्र दर शनिवारी सगळ्या ग्रुपवर जामसावळीच्या मारुतीचा फोटो टाकायचा. जावईबापूंना ते खपेना. त्यांनी त्याला सगळ्या ग्रुपमधून काढून टाकलं. आणि सोमवारी सकाळी गाडीच्या ग्रुपवर हुकूम सोडला : "माल नागपूरला नको, छिंदवाड्याला न्या." पटापट अंगठे पडले. गाडी नेणारा तेवढा ग्रुपमध्ये नव्हता. वसंत ठरल्याप्रमाणे नागपूरला गेला आणि छिंदवाड्याचा व्यापारी वाट पाहून चिडला.

संध्याकाळी पुन्हा मेसेज : "निष्काळजीपणामुळे वसंतला उद्यापासून कामावरून काढण्यात येत आहे." कुठल्या ग्रुपवर? गाडीच्याच! पुन्हा अंगठे. दोन मुली शिकवणाऱ्या माणसाची नोकरी गेली, आणि त्याला सोडून सगळ्यांना कळलं. मला शिसारी आली. मी त्याला फोन केला नाही. जावयाची घाण माझ्या तोंडून का जावी?

सकाळी वसंत नेहमीसारखा आला, काच पुसली, नागपूरचा माल भरून घेतला.

"हा तं कामावर येऊन राहिला," भैय्याजी म्हणाले. "तुम्ही काढलं होतं ना?"

"मी मेसेज टाकला होता."

"मंग आता तोंडानं सांगा, जवाईबापू."

मालकांनी एवढं तरी म्हटलं. जावईबापू तावातावानं गाडीजवळ गेले. वसंतनं हात जोडले. "नमस्कार साहेब." झालं! साहेबांची बोबडी वळली. इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातून मोबाइल काढला. पण वसंतला मेसेज दिसायचा तर आधी त्याला ग्रुपमध्ये घ्यायला हवं. घेतलं.

वसंतचा फोन वाजला. त्यानं पाहिलं आणि चेहरा उजळला.

"वापस घेतलं का साहेब? लय बरं झालं! मले वाटलं, आता नोकरीच जाते. रातभर झोप नाही लागली."

जावईबापूंचं बोट तिथंच थांबलं.

"जातो मंग, माल तापून राहिला," म्हणत वसंतनं फोन गाडीतल्या डब्यात टाकला. "गाडी चालवताना मोबाइल बंद. तुमचाच नियम हाय."

गाडी गेली. जावईबापू धुळीत उभे.

"लिहा, लिहा," भैय्याजी म्हणाले. "आरामात लिहा."

जावईबापूंनी अर्धवट लिहिलेलं पुसलं आणि आत गेले.

शनिवारी गाडीच्या ग्रुपवर मारुती आला. पहिला अंगठा जावईबापूंचा होता.