कमानीआधी कडी

उज्ज्वलाने शाळेच्या समितीला उभं राहायचं ठरवलं ते एका कडीसाठी. गुजराती शहरातल्या त्या मराठी शाळेत मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडीच नव्हती. एक मैत्रीण बाहेरून दार धरणार, मग दुसरी आत जाणार. आणि मधल्या सुट्टीत दार धरत बसायला कुणाला सवड असते? उज्ज्वलाची सातवीतली वर्षा त्यामुळे सकाळपासून पाणीच पीत नसे. विचारलं तर "मम्मी, चालशे" असं गुजरातीत म्हणून मोकळी व्हायची. वर्गात दोनदा चक्कर येऊन पडली तेव्हा उज्ज्वलाला कळलं की हे चालण्यातलं नाही. डॉक्टर म्हणाले, पाणी प्यायला लावा. वर्षा म्हणाली, मग शाळाच नको.

समितीचा अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा, हात वर करून. समोर उभा होता योगेंद्र. लूमच्या कारखान्याच्या फाटकाशी त्याची चहाची टपरी, मुलगा पाचवीत. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याने केलेलं काम रस्त्यावरून दिसलं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. गणपतीत मूर्तीपेक्षा त्याचा फलक दोन फूट उंच असे. शाळेला तो कमान देणार होता, सिमेंटची, वर दोन हत्ती. गावाकडून, नंदुरबारहून, पाहुणे आले की त्यांना लांबूनच दिसली पाहिजे, असं तो प्रत्येक कपाबरोबर सांगे. खरं सांगायचं तर हत्ती लोकांना आवडलेही होते. कडीचं नाव काढलं की पुरुषमंडळी आपापल्या चपलांकडे बघत.

उज्ज्वलाच्या नवऱ्यालाही, बळीरामला, हत्तीच भारी वाटत होते. जेवताना तो म्हणाला, "तुन्ही कडीले कोन देखस वं?"

"कोनी देखाले नको म्हनीसनच लावनी शे," उज्ज्वला म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरी टाकली.

योगेंद्रने तयारी पक्की केली. रातपाळी सुटली की कारागीर त्याच्याच टपरीवर थांबत, आणि दुपारच्या सभेला मोकळे असणार तेही हेच. चहा देता देता त्याने एकेकाचा शब्द घेतला. कॅलेंडरच्या पाठीवर एक्केचाळीस नावं झाली, तेव्हा त्याने पेनाला टोपण लावलं.

सभा चौदा तारखेची होती. ऐन वेळी मोठ्या बाईंना कसलंसं ट्रेनिंग निघालं आणि सभा सोळावर गेली. योगेंद्र तेव्हा हत्तींची सोंड वर असावी की खाली, या विचारात होता. सोळा तारखेला लूममध्ये पाळी बदलते, रातवाले दिवसाला जातात आणि दिवसवाले रातीला, हे त्याच्या ध्यानातून साफ गेलं. टपरीवाल्याला काय, दोन्ही पाळ्यांना चहा सारखाच लागतो. पण घरातली बाई हे विसरूच शकत नाही. पाळी बदलली की पहाटेचा डबा संध्याकाळचा होतो.

उज्ज्वलाने नवी तारीख ऐकली आणि ज्या ज्या घरी सोळापासून डबा संध्याकाळचा होणार होता, तेवढीच घरं गाठली. साड्यांना खडे चिकटवायचं काम ती गल्लोगल्ली वाटायची, त्यामुळे उंबरे ओळखीचे होते. भाषण केलं नाही. तुझी पोरगी शाळेत दुपारी कुठं जाते, एवढंच विचारायची. पुढचं बायका आपणच बोलत.

सोळाला योगेंद्र इस्त्रीचा शर्ट घालून आला. समोर त्याच्या एक्केचाळीसपैकी सहाजण होते. बाकी सगळे रातीला जायचे गडी, झोप मोडून आलेले, जांभया देत; आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याची बायको, कोपर तयार ठेवून. योगेंद्रने डावीकडून मोजलं, मग उजवीकडून. आकडा काही बदलेना.

उज्ज्वलाने त्याच्याआधीच मोजलं होतं. पण तिचा हिशोब हातांवर संपत नव्हता. अध्यक्ष होऊन ती अर्ज करत बसली असती, आणि कडी दिवाळीनंतर आली असती. योगेंद्र मात्र फलकासाठी एका दुपारीत विजेची तार मिळवणारा माणूस. ती उठून त्याच्याजवळ गेली.

"योगेंद्रभाऊ, अध्यक्ष तुम्ही व्हा. पण पहिला ठराव माझा. कडी लागल्याशिवाय हत्ती नाही."

"आणि नाही म्हटलं तर, वहिनी?"

"मग हात मोजू."

योगेंद्रने पुन्हा एकदा जांभयांकडे पाहिलं. शेजारच्या कोपरांकडेही पाहिलं.

"कडी पितळेची की स्टीलची?" त्याने विचारलं.

हातातली खुर्ची दिलीस म्हणून गल्लीतली कलाबाई घरी जाताना रस्ताभर तिला बोलत होती. उज्ज्वलाने ऐकून घेतलं; कलाबाईची पोरगी सहावीत होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आत योगेंद्र स्वतः सुताराला घेऊन हजर. कडी लागली. उज्ज्वला आत गेली आणि दार लावून घेतलं.

"ढकला, भाऊ."

त्याने ढकललं. मग खांदा लावला. दार हललं नाही. ती आतून आणखी एकदा म्हणाली, जोरात ढकला. त्याने सुतारालाही जोडीला घेतलं. तेवढ्यात घंटा झाली आणि बाहेर धावत्या पावलांचा गलका उठला.

"मम्मी, आता निघ ना बाहेर," वर्षाचा आवाज आला. "इथं लाईन लागली आहे."