मदीनाबीची पिवळी जवारी

मदीनाबीला हिंगोलीतली एकही गोष्ट पसंत नव्हती. हैदराबादेहून लग्न होऊन ती या गावात आली त्याला आता जन्म लोटला होता, नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती; पण इथलं पाणी तिला अजून जड वाटे, हकीम अडाणी वाटे आणि कबाबात मसाल्यापेक्षा धूर जास्त लागे. सगळ्यांत हलकी वस्तू म्हणजे सून. कापडाचा धंदा करणाऱ्या तिच्या मुलाने, खाजा मियाने, बायको आणली ती थेट डोंगरकडा या खेड्यातल्या शेतकऱ्याघरची. नजमुन्निसा तिचं नाव, घरात नजमा.

"नाव तेवढं नवाबाघरचं," मदीनाबी म्हणे. "हात बघा, खुरपं धरूनच जन्माला आलेत."

सुनेशी ती मुद्दाम मराठीत बोले. आपली उर्दू असल्या पोरीवर कोण खर्च करणार!

नजमाच्या माहेराहून दर साली पिवळ्या जवारीचं पोतं येई. घरातले सगळे तिचीच भाकर खात. तव्यावर भाकर पडली की मदीनाबी ओढणी नाकाला लावी. ती स्वतः खाई डबलरोटी. जुन्या छावणीकडे चाँद पाशाची भट्टी होती, तिथून रोज ताजी येई. कापसासारखी पांढरी, बोट टेकवलं की आत जाणारी. सकाळी चहात, दुपारी खिम्याबरोबर, रात्री दुधात.

"भाकर चावावी लागते," ती म्हणे. "रवंथ करणं हे बैलाचं काम."

पण पोट काही या दिमाखाला दाद देईना. दोन-दोन दिवस साफ होत नसे. छातीत आंबट घोळे, जेवण झालं की डोळ्यांवर झापड येई आणि तासाभरात पुन्हा भूक लागे, तीही अशी की हात थरथरत. हकिमाने चूर्ण दिलं, मग दुसरं चूर्ण दिलं.

एकदा नजमाने हिंमत केली. "अम्मा, चार दिवस भाकर खाऊन तर बघा. आमच्याकडं कुणालाच पोटाची तकलीफ न्हाई."

"तुमच्याकडं पोट म्हणजे पोतं आहे," मदीनाबी म्हणाली. "काही भरलं तरी चालतं. ऊठ, माझी रोटी आण."

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मैदा मिळेनासा झाला. मधूनच कुठूनतरी पोती येत, मग भट्टी पेटे. अशाच एका दिवशी आलेल्या रोटीला कुबट वास येत होता. मदीनाबीने ती ताटातून उचलली, बुरखा चढवला आणि चाँद पाशाची कानउघाडणी करायला स्वतः निघाली. नजमाला मागून यावंच लागलं.

चाँद पाशा गडबडून उभा राहिला. "वास कसा येईल, खालाजान? माल एक नंबर आहे. लांबच्या गिरणीतून, आगगाडीने येतो. कधीचा पडून आहे, पण आहे तसाच आहे."

मदीनाबीने पोत्यात हात घातला. चिमूटभर मैदा बोटांत चोळला, नाकाशी नेला, जिभेवर ठेवला.

तिचा बाप नानबाई होता, नान-रोट्या भाजून विकणारा. हैदराबादेत त्याचा तंदूर होता, आणि लहानपणी ती पिठाच्या धुराळ्यातच वाढली होती. त्या पिठाचा रंग मातकट असे. घरच्या जात्यावरून आलेलं ते पीठ हाताला उबदार लागे आणि त्याला गव्हाचा गोडसर वास येई. हे हातातलं पीठ कशाचंच नव्हतं.

"यातला कोंडा कुठं गेला?" तिने विचारलं.

"तो गिरणीतच काढतात. अंकुरही काढतात, नाहीतर पीठ खवट होतं."

"आणि त्याचं काय करतात?"

"ढोरांना घालतात, खालाजान."

"आणि पीठ फुगवतोस कशाने? आदल्या दिवसाचं आंबवण कुठं आहे?"

चाँद पाशा हसला. "आता ते कोण करतं? पुडी मिळते. दोन घंट्यांत काम खलास."

"शाबास!" मदीनाबी म्हणाली. "गव्हात जे खाण्यासारखं होतं ते म्हशीला घातलंस, आणि उरलेल्या चुन्यात हवा भरून मला विकलंस. माझा बाप असता तर तुला भट्टी झाडायलाही ठेवला नसता. आणि मी! इतकी वर्षं म्हशीचं उष्टं खात होते!"

तिने हातातली रोटी तिथेच फळीवर टाकली. भट्टीवरची गिऱ्हाइकं बघत राहिली. परतताना रस्ताभर ती बोलत होती. चाँद पाशाला, गिरणीवाल्यांना, आगगाडीला. नजमा मागून मान खाली घालून चालली होती, कारण तिला हसू आवरत नव्हतं.

त्या दिवशी मदीनाबी पहिल्यांदा भाकर जेवली. जाड आहे म्हणाली. कड करपली म्हणाली. पीठ नीट मळलं नाही म्हणाली. अर्धी खाऊन ताट सरकवलं आणि थोड्या वेळाने उरलेली अर्धी मागून घेतली.

महिना-दीड महिन्यात पोट ताळ्यावर आलं. जेवल्यावर झापड येईना, अवेळी हात थरथरेनात. हकीम भेटायला आला आणि म्हणाला, "बघा, माझ्या चूर्णाचा गुण."

"तुमचं चूर्ण मी मोरीत टाकते," मदीनाबी म्हणाली. सुनेचे आभार मात्र तिने मानले नाहीत.

दुसऱ्या साली डोंगरकड्याचं पोतं आलं. नजमाने भाकर थापली तर कडा चिरल्या. परातीतून उचलताना मध्येच मोडली. मदीनाबीने एक घास घेतला आणि थांबली.

"ही कुठली जवारी?"

नजमाने दाणे आणून दाखवले. टपोरे, पांढरे, एकसारखे. "अब्बांनी औंदा नवं बियाणं पेरलं म्हणं. लई पिकते."

"दिसायला बरी आहे. चाँद पाशाच्या पिठासारखी."

आठवड्याभरात ती मोटारीने वारंगा फाट्याला उतरली आणि तिथून बैलगाडीने डोंगरकड्याला गेली. सुनेच्या माहेरी तिने आजवर पाय ठेवला नव्हता. नजमाचा बाप कादर धावत बाहेर आला, बाजेवर गोधडी अंथरली, पाणी दिलं. मदीनाबी बसलीसुद्धा नाही.

"कादरभाई, हे काय पेरलंत?"

"नवं वाण हाय, समधनबाई. एक येपारी घेऊन आला व्हता. जुन्याच्या दीडपट होतं बघा."

"खाऊन बघितलंत?"

कादर गोधडी सारखी करू लागला. त्याची बायको शहनाज दारातूनच बोलली, "भाकर जुळत न्हाई. लेकरं अर्धी टाकतात. कडबा टाकला तर बैल बी हुंगून बाजूला होतो. म्या यांना कवाचं सांगून राहिले."

"म्हणजे बैलाला कळलं," मदीनाबी म्हणाली, "आणि तुम्हाला कळलं नाही. दीडपट माती पिकवून काय मिळवलंत? कणगी भरली आणि जीभ मेली!"

कादरचा चेहरा उतरला. पाहुणी नसती तर त्याने जबाब दिला असता. शहनाज मात्र आत गेली आणि आढ्याला बांधलेली कणसांची जुडी काढून घेऊन आली. पिवळे बारीक दाणे, घट्ट बसलेले. नवऱ्याला न सांगता तिने ती ठेवली होती.

मदीनाबीने चार दाणे दातांखाली फोडले. मग ती बाजेवर बसली.

"येताना गाडीवानाने तुमचं ओढ्याकाठचं वावर दाखवलं, तिथं हीच पेरा," ती म्हणाली. "तिकडं ते पांढरं भूत घालायचं नाही."

"पण समधनबाई, माल कमी व्हईल. लोक हसतील."

"हसू द्या. हसणाऱ्यांना ते पांढरं खाऊ द्या."

शहनाजने घरात उरलेल्या थोड्या जुन्या जवारीची भाकर टाकली. चुलीसमोर बसून मदीनाबी दोन भाकरी जेवली, ठेचा तिखट झाला म्हणाली, चूल धुरकट आहे म्हणाली. शहनाजने तिसरी पुढे केली.

"ही तरी नीट भाजली का?" मदीनाबीने विचारलं आणि ताट पुढे सरकवलं.

पावसाळ्यात कादरने ओढ्याकाठी पिवळी पेरली. पीक कमी आलं आणि शेजारीपाजारी हसलेही. पण त्याच्या घरची लेकरं पुन्हा पुरती भाकर खाऊ लागली. पुढच्या साली दाणा भरायच्या सुमारास मदीनाबी पुन्हा गाडीतून उतरली, बांधावर उभी राहिली आणि कादरला म्हणाली, "राखणीला कोण आहे? माझी जवारी पाखरं खाऊन राहिलीत."