तिसरा साचा

कोंडीरामच्या जबड्याची डावी बाजू डॉक्टरांनी कॅन्सरसकट काढून टाकली होती. त्या जागी बारीक भोकाभोकांचा पांढरा तुकडा बसवला होता, त्याच्याच कमरेच्या हाडातला मगज आत भरून.

"हा नुसता साचा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत तुमचं स्वतःचं हाड उगवेल आणि साचा हळूहळू विरून जाईल. पण मी सांगेपर्यंत चावायचं नाही. पेज, दूध, बस्स."

मिलमध्ये मागाला साचाच म्हणत. वाकड्या तोंडाने तो हसला. "मिलमध्ये दोन चालवले, बाई. हा तिसरा."

शेजारी त्याची लेक मालन अवघडून बसली होती. तिच्या पोटातही बाळाचं हाड धरत होतं.

हे दुखणं गिरण्यांच्या संपातलं. "मला भूक नाय" म्हणत तो आपली भाकरी पोरांपुढे सरकवायचा आणि दाढेखाली तंबाखूचा बार धरायचा. संप बारगळला, मिल गेली, बार तेवढा राहिला. मालनचा जन्मही त्याच संपातला.

बाळंतपण काळाचौकीला, माहेरच्या चाळीत झालं. बारशाला आत्याने पाळण्यात वाकून नाव सांगितलं, तुळसा. कोंडीरामआबाच्या आईचं.

"ह्या जमान्यात तुळसा? शाळेत पोरं चिडवतील गो!" शेजारच्या जाईबाई बोलल्याच.

मालनची आई घुगऱ्यांच्या वाट्या फिरवू लागली, तसा आबाने हात पुढे केला. मालनने तो धरला.

"आबा, तुमची पेज ठेवलीय."

"तुझ्या बारशाला घुगऱ्या नव्हत्या, मालन." शब्द घसरत होते, लाळ पुसत तो बोलत होता. "घरात मूठभर हरभरे नव्हते. तुझ्या आईने गुळाचा खडा ठेवला नुसता. आज तरी खाऊ दे."

मालनने हात सोडला.

मऊ दाणे निवडून त्याने उजव्या दाढेने जपून चावले. एक कच्चट निघाला. कट्कन झालेला आवाज मालनला पाळण्यापाशी ऐकू आला.

साचा मधोमध तुटला होता. पुढे पू झाला. डॉक्टरीणबाईंनी साचाच काढून टाकला. "हाड धरायला लागलं होतं हो," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा नाही बसवता येणार. कोणी दिलं खायला?"

"मी," मालन म्हणाली. आबाने मान हलवून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

त्यानंतर त्याचं बोलणं कुणाला उमजेना, मग त्याने ते सोडूनच दिलं. गालाला खळगा पडला. मालन माहेरी आली की तुळसा आजोबाच्या मांडीवर बसून त्यात मूठ घालायची. मूठ बरोब्बर मावायची.

एका दुपारी तो हातवारे करून मालनला बोलावू लागला. त्याचं बोट तुळसाच्या तोंडात, खालच्या हिरडीवर होतं. मालनने चाचपून पाहिलं. तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टणक लागलं.

आबाने सांगायला तोंड उघडलं. नुसती लाळ आली.

"उगवलं, आबा," मालनच म्हणाली. पदराने तिने त्याची हनुवटी पुसली, जेवढी होती तेवढी.

त्याने बोट पुन्हा नातीच्या तोंडात दिलं. ती कचकन चावली. त्याने ते काढून घेतलं नाही.