भिंगरीचा उत्तरार्ध

फुटबॉलच्या मैदानावर तिला सगळे भिंगरी म्हणायचे. मिडफिल्डमध्ये तिघीजणी अंगावर आल्या तरी ती जागच्या जागी गिरकी घेऊन बॉलसकट निसटायची. चोविसाव्या वर्षी राष्ट्रीय संघात निवड होणार हे जवळजवळ पक्कं होतं. त्याच वर्षी तिचा खेळ संपला.

सेमीफायनलमध्ये तिचा गुडघा मुरगळला. स्कॅनचा रिपोर्ट कोचच्या हातात गेला.

"काही नाही गं, साधी लचक आहे," सर म्हणाले. "एक इंजेक्शन घे आणि फायनल खेळ. तुझ्याशिवाय आहे कोण मला?"

त्या शेवटच्या वाक्यावर ती भुलली. फायनलच्या सत्तराव्या मिनिटाला ती कोसळली. क्लब जिंकला. सर ट्रॉफी उंचावत होते तेव्हा ती स्ट्रेचरवर होती.

दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी सर्जननं जुना रिपोर्ट मागवला. "लिगामेंट अर्धं फाटल्याचं यात स्पष्ट लिहिलंय. तरी खेळलीस?"

तिनं कागद दोनदा वाचला. 'पाहिले' असं लिहून सरांनी खाली सही केली होती.

तिनं तक्रार केली. क्लबच्या सेक्रेटरीनं उलट तिलाच सुनावलं, "ज्यांनी घडवलं त्यांच्यावर उलटतेस?"

"मी त्या माणसाला सोडणार नाही," ती थोरल्या बहिणीला म्हणाली. बहिणीला वाटलं, ओसरेल राग. पण भिंगरीनं तो जिवापाड जपला. शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागली, कोचिंगच्या परीक्षा दिल्या, कापड गिरणीतल्या मुलींचा संघ बांधला. सरांची एकही मॅच तिनं चुकवली नाही. त्यांच्या खोडी तिला त्यांच्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक झाल्या.

अकरा वर्षांनी फायनलमध्ये दोघं समोरासमोर आले. हाफ टाइमला एक-एक अशी बरोबरी होती.

"ताई," तिची कॅप्टन धापा टाकत म्हणाली, "त्यांच्या आठ नंबरचा डावा गुडघा गेलाय. एकाच बाजूला वळतेय. तिथेच घुसू का? दहा मिनिटांत बाहेर जाईल."

भिंगरीनंही ते पाहिलं होतं. मोह झाला, नाही असं नाही. पण ती पोर मोडली तर सर दुसरी उभी करणार, त्यांचं काय जाणार होतं?

"तिला धक्का लावाल तर याद राखा," ती म्हणाली आणि तडक समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये शिरली. नियमात हे बसत नव्हतं. बसू दे नाहीतर नको.

"तू इथे कशी? बाहेर हो!" सर ओरडले.

तिनं लक्षच दिलं नाही. आठ नंबरची एकोणीस वर्षांची मुलगी बाकावर पाय लांब करून बसली होती. भिंगरीनं आपली ट्रॅक पँट मांडीपर्यंत ओढली आणि गुडघ्यावरचे व्रण दाखवले.

"स्कॅन काढला असेलच. रिपोर्ट स्वतः वाचलास?"

"सर म्हणाले, लचक आहे."

"मलाही हेच म्हणाले होते."

"हरायला घाबरतेस म्हणून माझ्या पोरी फोडायला आलीस?" सर गरजले.

गोलकीपर उठली. "सर, रिपोर्ट दाखवा."

"मॅच झाल्यावर बघू."

"आत्ता दाखवा."

कोपऱ्यातली फिजिओ मान खाली घालून पुटपुटली, "त्यांच्या बॅगेत आहे. मीच आणून दिला होता."

गोलकीपरनं बॅग उघडून रिपोर्ट मोठ्यानं वाचला. मग खाली बसून ती बुटांच्या नाड्या सोडू लागली. पाठोपाठ बाकीच्याही.

रेफ्रीनं शिट्टी वाजवली. मैदानावर गिरणीच्या अकराजणी उभ्या होत्या, आणि समोरच्या रेषेवर सर एकटेच. ते दाराकडे बघून हाका मारत राहिले, पण कुणी आलं नाही. भरलं स्टेडियम बघत होतं. भिंगरी हाताची घडी घालून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, मन भरेपर्यंत.

चौकशी बसली. आणखी चार जुन्या खेळाडू बोलल्या. सरांचं लायसन्स कायमचं गेलं. परक्या ड्रेसिंग रूममध्ये घुसल्याबद्दल भिंगरीवर एका सीझनची बंदी आली. ती तिनं हसत घेतली.

महिन्याभरानं बहीण म्हणाली, "तुझे सर दिसले आज दवाखान्यात. पार खचलेत. मला तर दया आली बाई."

"तुला येऊ दे," भिंगरी म्हणाली. "मला नाही आली."

आणि समोरच्या कागदावर ती बंदी संपल्यानंतरच्या सीझनची मिडफिल्ड आखत बसली.