कपाळापुरती शीतलता

सकाळी साडेसातला शाळेच्या फाटकापाशी पाय ठेवायला जागा नसे. कोणी पोराला खांद्यावर टाकून आणलेलं, कोणी मनगट धरून ओढत आणलेलं, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, "महाराज आले का?"

शीतल महाराज यायचे. पांढरेशुभ्र कपडे, कमरेला छोटी बाटली, अंगाला गुलाबाचा घमघमाट. बाटलीतले दोन थेंब तळहातावर घेऊन ते तापलेल्या कपाळावरून हात फिरवायचे आणि डोळे मिटून सांगायचे, "ताप म्हणजे काय? रुसलेली ऊर्जा! औषध तिला धमकावतं. आम्ही तिची समजूत काढतो."

ऊर्जा रुसते हे ऐकून ज्याला सगळ्यात आधी हसू फुटायला हवं, तो माणूस त्यांच्याच शेजारी गंभीर चेहऱ्याने उभा असायचा. हातात कपाळासमोर धरायचा, बंदुकीसारखा तापमापक. हे शाळेचे विज्ञान शिक्षक. मुलं त्यांना 'प्रयोग सर' म्हणत, कारण काहीही विचारलं की सरांचं ठरलेलं उत्तर असे, "मी सांगतो म्हणून मानू नका, प्रयोग करून बघा." गेल्या पंधरा वर्षांत स्वतः सरांनी पुस्तकाबाहेरचा एकही प्रयोग केला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

शाळेचा नियम होता, शंभरच्या वर ताप असेल तर मूल घरी. त्याच शाळेचा दुसरा नियम होता, ज्या वर्गात महिनाभर एकही गैरहजेरी नाही त्या वर्गाला मानाची ढाल. पहिला नियम पाळला की ढाल जायची, आणि आईबापांच्या कामावरची रजाही. त्यामुळे फाटकावर रोज तापमापक धरणाऱ्या सरांचा उद्धार व्हायचा. महाराज आले आणि भांडणं थांबली. आधी मोजलं, एकशे दोन. हात फिरवल्यावर मोजलं, अठ्ठ्याण्णव. सरांनी छाती फुगवून फलकावर लिहिलं, 'प्रत्यक्ष मोजून खात्री केली आहे', आणि खाली सही ठोकली. आकडे आले म्हणजे विज्ञान आलं, अशी त्यांची भाबडी समजूत होती. खरं तर सुटका झाल्याच्या आनंदात त्यांनी डोकं चालवायचंच सोडलं होतं.

मग त्यांच्याच घरात ताप शिरला. मुलगी दुसरीत, याच शाळेत. बायको बहिणीच्या बाळंतपणासाठी परगावी. सरांच्या खात्यावर आजारपणाची एकच रजा शिल्लक, आणि ती त्यांनी दाढ काढण्यासाठी राखून ठेवलेली. सकाळी पोरीच्या काखेत काचेचा तापमापक लावला, तर पारा एकशे दोनवर. सर तिला घेऊन तडक महाराजांपुढे उभे राहिले. हात फिरला, अठ्ठ्याण्णव झाले, पोरगी वर्गात गेली. असं एक नाही, तीन दिवस.

तिसऱ्या दिवशी दुपारी वर्गशिक्षिका तिला उचलून प्रयोगशाळेत घेऊन आल्या. "सर, बाकावरच झोपून गेली. आणि हिच्या ओळीतली सहा मुलं खोकतायत."

सरांनी तापमापक धरला. एकशे तीन.

"सकाळी तर उतरला होता गं!"

"नव्हता उतरला, बाबा," पोरगी डोळे न उघडताच म्हणाली. "त्यांचा हात गार असतो. नुसतं कपाळ गार होतं. पोट गरमच असतं. तुम्ही घरी काखेत मोजता, मग इथे का नाही मोजत?"

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली आणि ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "फुप्फुसात संसर्ग आहे. हिला तीन दिवस शाळेत पाठवलंत? तुम्ही?" तो 'तुम्ही' सरांना फार लागला. दाढेची रजा त्या दिवशीच संपली, पुढचे चार दिवस बिनपगारी गेले. पोरीचा श्वास मोजत बसलेल्या सरांना आपल्या सहीची इतकी भीती वाटली की विचारू नका.

पाचव्या दिवशी ताप खरोखर उतरला. सोमवारी सर फाटकावर हजर झाले, ते गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन. गर्दीसमोर त्यांनी पिशवी मोजली. एकशे तीन.

"महाराज, हिची जरा समजूत काढा."

"निर्जीव वस्तूतली ऊर्जा ऐकत नाही!"

"मग मी बोलून बघतो," म्हणत सरांनी महाराजांच्या कमरेची बाटली सोडवून घेतली, दोन थेंब हातावर घेतले आणि पिशवीवर चोळले. लगेच मोजलं. सत्त्याण्णव. मग पिशवीचं बूच उघडून पुढच्या आईला म्हणाले, "ताई, यातलं पाणी हातावर घेऊन बघा."

"अगं बाई, गरमच आहे की!"

"गरमच असणार. हे स्पिरिट आहे, वर गुलाबाचं अत्तर. सुई टोचण्याआधी दवाखान्यात दंडाला लावतात ते. उडून जाताना कातडी गार करतं. ही बंदूक फक्त कातडी मोजते, आतला ताप तिला दिसत नाही."

"श्रद्धा नसेल तर गुण येत नाही!" महाराज गरजले.

"पिशवीची कुठे होती? तरी आला." लोक हसले. त्या हसण्यातच महाराज मागच्या मागे सटकले.

पण एक वडील पुढे आले. "सर, ते खोटे, कबूल. पण पोराला घरी ठेवायचं तर मला रजा कोण देणार?"

"तुमचा प्रश्न खरा आहे, म्हणूनच त्यांचं फावलं," सर म्हणाले. "आपलं भांडण तापाशी नव्हतंच, आपल्याला फक्त तो आकडा नको होता. मला तर सगळ्यात जास्त नको होता. माझी रजा वाचावी म्हणून मी माझ्या पोरीला मरणाच्या दारात नेलं, आणि तुमच्याही पोरांना. महाराजांवर तुम्ही विश्वास ठेवला तो माझी सही बघून. यापुढे कोणाच्याही सहीवर ठेवू नका, माझ्या तर मुळीच नाही. कोणी अंगातला ताप हाताने काढतो म्हणाला, तर दुसऱ्या जागी मोजा, दुसऱ्या साधनाने मोजा, तासाभराने पुन्हा मोजा. आणि रजा हवी असेल तर चमत्कार मागू नका, रजा मागा. सगळे मिळून मागू."

त्यावर दोन तास वादावादी झाली. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी ढाल कपाटात टाकली. औषध न घेता पूर्ण दिवस ताप आला नाही तरच शाळा, तोवरची गैरहजेरी धरायची नाही, आणि पालकांच्या कामावर रजेसाठी शाळेचं पत्र जाईल, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन वाजला.

"सर, आज नव्या नियमाचा पहिला दिवस," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "फाटकावर तुम्हीच हवेत. निघालात ना?"

सरांनी काखेतला तापमापक काढून उजेडात धरला. जुन्या सवयीने 'निघालोच' हा शब्द जिभेवर आला होता. तो त्यांनी गिळला.

"नाही बाई. मला एकशे एक आहे. मी घरी थांबतो."