कळलावीची सहाण

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. पण माझं सांगण्याआधी मला पितांबरचं गाऱ्हाणं घालायचं आहे. हा बाप्या रोज शेतातून येतो आणि चिखलाच्या टाचा माझ्या पाठीवर घासतो. वर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "याच दगडनी मनी बायको खादी." सहा वर्षं मोरीत पडून हे ऐकते आहे. मला दात नाहीत. असते, तर पहिली त्याची जीभ खाल्ली असती.

धुळ्याच्या बाजारात एका पाथरवटाने मला घडवलं. पितांबरच्या आईने, भिकुबाईने, मला शिरपूरकडच्या या गावी आणलं. ती पाच गावांची सुईण. बाई अडली, कळा थंडावल्या, की ती आढ्याला टांगलेलं कळलावीचं मूळ काढून माझ्यावर पाण्यात उगाळायची. लेप फक्त बेंबीभोवती आणि तळपायांना. पोर बाहेर आलं की लगेच कोमट पाण्याने पुसायचा. मग मला राखेने तीनदा घासायची. मूळ जहरी, थेंबही कुणाच्या पोटात जाऊ द्यायची नाही.

नव्या बायांना ती हाताची मूठ दाखवायची. गर्भाची पिशवी अशीच, आवळते, सुटते, पुन्हा आवळते. मधल्या सुटण्यात बाईला दम मिळतो, पोराला जीव मिळतो. नुसती आवळून धरलेली मूठ कुणाला काही देत नाही.

लोक तिच्या पाया पडत, मला हळदकुंकू वाहत. मीही फुगले, खोटं कशाला बोलू? एकदा शिरपूरहून नर्सबाई आली. म्हणाली, "अक्का, हे मूळ फेकून द्या. बाई अडली तर दवाखान्यात आणा."

भिकुबाईच्या नाकाला मिरची झोंबली. "बाय, तुना वयपेक्षा मन्या बाळंतिणी जास्त शेतस!"

मूळ आढ्यालाच राहिलं.

पंच्याऐंशी सालचा पोळा जवळ आलेला. पितांबरची बायको यशोदा दिवस भरून बसलेली, कळा बारीक. भिकुबाई दुसऱ्या गावी बाळंतपणाला गेली होती. दुपारनंतर अमावास्या लागणार होती, आणि अमावास्येचं पोर बापाच्या मुळावर येतं, असं पितांबरच्या डोक्यात बसलेलं. लावून कळ येते, तर पिऊन लवकर येईल, एवढीच त्याची अक्कल. त्याने माझ्यावर मूळ उगाळलं आणि गुळाच्या पाण्यात कालवलं.

"आईले इचारं का?" यशोदाने विचारलं.

"आईनंच औशद शे. पी."

ती प्याली. आधी ओकाऱ्या झाल्या. मग कळ आली ती आलीच, गेली नाही. मधलं सुटणंच नव्हतं. भिकुबाई धापा टाकत पोचली तेव्हा पोर पोटातच गेलेलं. जीप शिरपूरला लागायच्या आत यशोदाही गेली.

भिकुबाई कुणाला काही बोलली नाही. पोटचा पोरगा, आणि मूळही तिनेच जपलेलं. त्याने मला मोरीत फेकलं, तिने फेकू दिलं.

आता त्याची दुसरी बायको, सुगंधा, दिवस भरून बसली आहे, आणि अमावास्या पुन्हा तोंडावर आली आहे. आज सकाळी पितांबरने मला उचललं आणि राखेने घासलं. किती वर्षांनी पाठीवरून हात फिरला, बरं वाटलं. सांगायला लाज वाटते. मग त्याच्या खिशातून मूळ निघालं.

"या खेपले थोडंच पाजसू," तो म्हणाला. "मागला खेपले जास्ती व्हई गयं."

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हांला विनवतात, आम्हांला जपा. मी विनवते, मला फोडा. पण फोडूनही काय होणार? गावात दगडांना तोटा नाही.

त्याने पाणी शिंपडलं. अर्धं अंग लुळं पडलेली भिकुबाई खाटेवरून बघत होती. सहा वर्षांनी तिचं तोंड उघडलं.

"पितांबर, यशोदाले दगडनी नही मारं, तू मारं. मी झाकी लिधं, म्हनीसन मी बी मारं. आते सुगंधाले पाजशी, ते बठ्ठा गावले सांगसू. दगडले तोंड नही, मले शे."