शिशाला घडी सोसत नाही

मित्रांनो, मी एक जुना एप्रन आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, दातांच्या दवाखान्यातला. माझ्या पोटात शिशाचा थर आहे. एक्स-रे काढताना इकडेतिकडे भरकटणारे किरण अडवायचे, हे माझे काम. किरण दिसत नाहीत, त्यामुळे माझे कामही कुणाला दिसत नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला जाड दांडीवर टांगले. तिथून मी खूप माणसे पारखली. दारात ज्याचा आवाज मोठा, त्याचा जबडा खुर्चीत उघडत नाही. "काय हे, लढाईला निघालोय का?" म्हणून हसणारेच पुढे माझी कड घट्ट धरतात. एक्स-रेचा फोटो काढताना दुखत नाही हो. त्यात काय दिसेल, त्याची धास्ती!

मग मदतीला नव्या मावशी आल्या. हात फार नेटका. टांगलेली वस्तू म्हणजे त्यांना पसारा वाटे. त्यांनी माझ्या चार घड्या केल्या, मला कपाटात ठेवले आणि वर फायलींचा गठ्ठा रचला.

"मावशी, खोली कशी लख्ख दिसते हो!" बाई म्हणाल्या.

कौतुक मावशींचे झाले, कंबर माझी मोडली. शिशाला घडी सोसत नाही. आतला थर तडकला, वरचे कापड मात्र नव्यासारखे. वर्षातून एकदा मला तपासायचे असते. तेही राहून गेले.

अशात एके सकाळी एक शिंपीणबाई आली. पाचवा महिना, अंगात ताप, गाल टम्म फुगलेला. सोबत सासूबाई.

"पोटुशी बाईचा फोटो? मुळीच नाही," सासूबाई म्हणाल्या. "गोळ्या द्या. बाकीचं बाळंतपणानंतर बघू."

"आजी, सूज डोळ्याकडे चढलीय. एवढं थांबता येणार नाही. पू कुठल्या दाढेखाली आहे ते कळल्याशिवाय हात कुठे घालू? एकच फोटो. किरण अगदी थोडे, तेही दाढेवर रोखलेले. वरून हा एप्रन आहेच."

"ह्याच्यातून काही जाणार नाही ना?"

"त्याचसाठी तर आहे तो."

हे ऐकून मी आतून गारठलो. मावशींनी मला उलगडून तिच्या पोटावर पसरले. बाई बटणाकडे गेल्या. शिंपीणबाईची बोटे मात्र सवयीने माझ्यावरून फिरत होती. एका जागी ती अडली.

"थांबा!"

"दुखतंय का?"

"नाही. ह्याचं आतलं अस्तर तुटलंय. घडीवर बघा, बोट आत जातं."

सासूबाई ताडकन उठल्या. "ऊठ गं. घरी चल."

ती घरी गेली असती तर गालातल्या पुवाचे विष आणखी पसरले असते. 'काही नाही हो, जुनं आहे' म्हणणे बाईंना सोपे होते. पण त्यांनी मला उचलून टेबलावर पसरले. मग सगळ्यांना बाहेर पाठवून त्यांनी माझ्या घडीखाली फिल्म ठेवली आणि माझाच फोटो काढला. पांढऱ्यावर काळी रेघ उमटली. ती त्यांनी स्वतः सासूबाईंपुढे धरली.

"तुमची सून बरोबर आहे. इथून किरण गेले असते."

मावशींचा चेहरा उतरला. "बाई, घडी मीच घातली."

"आणि तपासलं नाही मी. आधी चूक माझी."

शेजारच्या डॉक्टरांचा एप्रन आणला. शिंपीणबाईने तो कडेपासून कडेपर्यंत चाचपला. "हा धड आहे." मग तिने सासूबाईंकडे पाहिले.

सासूबाईंनी बराच वेळ त्या काळ्या रेघेकडे पाहिले. "स्वतःची चूक फोटो काढून दाखवणारी माणसं कमीच," त्या म्हणाल्या. "बस गं. तोंड उघड."

डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फोटो निघाला. पू होता मागच्या दाढेखाली, जी वरून धडधाकट दिसत होती. फोटो नसता तर चुकून पुढची किडलेलीच उपटली गेली असती! त्याच दिवशी पू काढला, तिसऱ्या दिवशी गाल उतरला.

मी आता कामातून बाद झालो आहे. मित्रांनो, फोटो गरजेचा असेल तर घाबरू नका. गरज नसेल तर हौसेने मागू नका. पोटात बाळ असेल तर आधी सांगा. दवाखाना तुमचा असेल तर एप्रन टांगून ठेवा. आणि रुग्ण असाल तर तो अंगावर आला की चाचपून बघा. खुर्चीत बसलेल्याला वाटते, डॉक्टरांपुढे आपण काय बोलणार? खुशाल बोला. चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि जो रागावेल, त्याच्या खुर्चीतून उठायला पाय तुमचेच आहेत.